धागा: आपल्याकडच्या पोरांनी मार्गदर्शक शोधायचा कुठं, आणि सापडला तर पुढं काय?

नंदगडचा_फलकवाला
मंडळींनो, जरा मदत पाहिजे. आमच्या मंडळाच्या फलकावर ‘मार्गदर्शक कसा गाठावा’ असा एक कागद लावायचाय. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं खानापुरात होतात, बेळगावात होतात. पोरं जातात, टाळ्या वाजवतात, वहीत ध्येय लिहून येतात, आणि सोमवारी कोणाला काय विचारायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. माझं मत असं की दहा शिबिरांपेक्षा कामातला एक जाणता माणूस ओळखीचा असलेला बरा. पण त्याच्याशी पहिल्यांदा बोलायचं काय, किती दिवसांनी भेटायचं, पैसे द्यायचे का, नाही जमलं तर बाजूला कसं व्हायचं, हे नेमकं लिहायचं आहे. पोरांमध्ये डिप्लोमावाले आहेत, भरतीवाले आहेत, स्पर्धा परीक्षावाले, शिवणकाम शिकणाऱ्या मुली आणि एक गाणारा. सुविचार नकोत, फलकावर ते आधीच भरपूर आहेत.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
“मला आयुष्यात मार्गदर्शन पाहिजे” म्हणून गेलात तर समोरचा चहा पाजेल आणि वाटेला लावेल. त्याचीही चूक नाही, एवढ्या मोठ्या प्रश्नाला तो काय उत्तर देणार? हातात कामाचा तुकडा घेऊन जा.

डिप्लोमावाल्यांसाठी फौंड्रीचं, म्हणजे धातू साच्यात ओतून पार्ट बनवायच्या कारखान्याचं, उदाहरण देतो. नवीन पोरगा आला की त्यानं आधी रिजेक्शनच्या ढिगाशी उभं राहावं. दोन आठवडे प्रत्येक नापास कास्टिंगची नोंद करायची: पार्ट नंबर, तारीख, पाळी, हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), आणि डिफेक्ट नेमका कुठल्या बाजूला आहे ते हातानं काढलेल्या चित्रावर खूण करून. मग वर्गवारी. आतून गुळगुळीत, गोल भोकं असतील तर गॅसचा मामला, म्हणजे ब्लो होल: वाळूत पाणी जास्त, व्हेंट (गॅस बाहेर जायची भोकं) कमी किंवा कोर (साच्यातला वाळूचा गाभा) ओला. खडबडीत, वेडीवाकडी आणि आत वाळू अडकलेली असेल तर साचा कुठंतरी सुटतोय. जाड भागात, आतून खरखरीत पोकळी असेल तर श्रिंकेज, तिथं रायझरकडं (जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याकडं) बघायचं. दोन धारा भेटून न मिसळल्यासारखी रेघ दिसली की कोल्ड शट: धातू थंड झाला होता नाहीतर ओतताना हात थांबला.

एवढं झाल्यावर जुन्या मोल्डरकडं जायचं आणि म्हणायचं, “मामा, ब्लो होल सगळे कोपच्या (साच्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या) बाजूला येतायत, आणि रात्रपाळीत जास्त. असं का?” तो माणूस तासभर बोलेल. तोच मामा “डिफेक्ट का येतात हो?” या प्रश्नाला “येतात” एवढंच म्हणाला असता.

अजून एक. मामा वाळू मुठीत दाबून, मोडून बघतो आणि पाणी कमी-जास्त सांगतो. लॅबमध्ये त्याच वाळूचा ओलावा आकड्यात निघतो. बेंटोनाइट (चिकणमाती) मिसळलेल्या वाळूत साधारण ३ ते ४ टक्के धरतात. दोन्ही गोष्टी रोज शेजारी-शेजारी लिहा. महिन्याभरात तुमच्या मुठीलाही कळायला लागतं, आणि मामालाही आपलं म्हणणं कागदावर आलेलं आवडतं.

बिघडतं कुठं? पोरं उत्साहात एकाच दिवशी पाणीही कमी करतात आणि ओतायचं तापमानही वाढवतात. रिजेक्शन कमी झालं तरी कशानं झालं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, निदान एक पूर्ण हीट तशी जाऊ द्या, मग दुसरी.

कुंदा_रोज_खावा
म्हणजे ज्ञानप्राप्तीसाठी आधी भंगारात बसायचं. बोधिवृक्ष उद्यमबागेत आहे हे माहीत नव्हतं.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
@कुंदा_रोज_खावा ये की एकदा. हेल्मेट घालून ये.

कायदा_वाचलेला
डिप्लोमावाल्यांना अजून एक सरळ वाट आहे, ती लोक विसरतात. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के. त्यात कंत्राटी कामगारही मोजतात. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाच्या मर्जीवर. आपल्याकडं बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या भागात लहान युनिट जास्त, त्यामुळे “आम्हाला लागू नाही” हे उत्तर बरेचदा खरंही असतं. तरी विचारायचं, कारण मर्जीनं घेता येतं.

आयटीआयवाल्यांचं पोर्टल वेगळं, डिप्लोमा-पदवीवाल्यांचं वेगळं. डिप्लोमा-पदवीच्या अप्रेंटिसशिपसाठी कर्नाटक चेन्नईच्या दक्षिण विभागीय मंडळाकडं येतं, महाराष्ट्र मुंबईच्या पश्चिम विभागाकडं. त्यामुळे कोल्हापूरच्या मावसभावानं सांगितलेला मेळावा, तारीख, संपर्क, यातलं काहीही इथं जसंच्या तसं धरू नका.

रुजू होताना दोन गोष्टी बघा. पोर्टलवर करार नोंदला गेलाय का, आणि तुम्हाला शिकवायची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे. करार नोंदलेलाच नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही, स्वस्तातला हेल्पर आहात. एकाच मशीनवर वर्षभर उभं केलं असेल तर तिसऱ्या महिन्यात विभाग बदलून मागा, तोंडी नको, अर्ज द्या.

गुरुचरणी_लीन
धाग्याचा सूरच पटला नाही. ‘मार्गदर्शक’ म्हणजे काय दुकानातली वस्तू आहे, पारखून घ्यायला? आपल्या मातीत एकाच गुरूपाशी निष्ठा ठेवून माणसं मोठी झाली. सुळेभावीचा एक मुलगा मुंबईला देवधर मास्तरांकडं गेला आणि कुमार गंधर्व झाला. त्यानं पाच जणांना मेसेज पाठवून विचारलं होतं का?

खाली_षड्ज_वर_गोंधळ
@गुरुचरणी_लीन उदाहरण चांगलं काढलंत, पण ते तुमच्याच विरुद्ध जातंय. बी. आर. देवधर हे पलुस्करांचे शिष्य, आणि तरीही वेगवेगळ्या घराण्यांच्या उस्तादांकडं जाऊन बंदिशी गोळा करणारे म्हणून ओळखले गेले. कुमारांना असा गुरू मिळाला ज्याची सगळी दारं उघडी होती. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर बघा: आधी नीलकंठबुवा आलूरमठ यांच्याकडं ग्वाल्हेर घराणं, मग मंजी खाँ, आणि ते गेल्यावर त्यांचे भाऊ भुर्जी खाँ. निष्ठा कमी पडली असं कोणी म्हणेल का?

फलकवाल्यांच्या गाणाऱ्या पोराला सांगा: गुरूकडं पहिल्या दिवशी दहा राग घेऊन जाऊ नये. आपली पट्टी कुठली ते माहीत असावं, तानपुरा स्वतः जुळवता यावा (ॲपवर लावता येणं म्हणजे जुळवणं नव्हे), आणि एकच राग नीट मांडावा, आलापात, दहा मिनिटं. गुरू थांबवतील तिथं थांबायचं. “पण मी असं ऐकलंय” हे वाक्य पहिल्या वर्षी तोंडातून काढू नये. शिकवणीचं रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय करायचं नाही. परवानगी मिळालीच तर त्याच रात्री ऐकून चुकलेल्या जागा वहीत लिहायच्या, नाहीतर फोनमध्ये शंभर फायली साठतात आणि गळ्यात एकही उतरत नाही.

आणि शिकवणारा सहा महिने फक्त आपलं कौतुकच करत असेल, तर एक तर तुम्ही कुमार गंधर्व आहात, नाहीतर त्याचं लक्ष फीकडं आहे.

गुरुचरणी_लीन
मन्सूरांचं ठाऊक होतं. पण पहिला गुरू असताना दुसऱ्याकडं जायचं तर त्याला सांगून जावं, एवढं तरी फलकावर लिहा.

खाली_षड्ज_वर_गोंधळ
हे मात्र शंभर टक्के.

मैदान_सकाळी_पाच
भरतीवाल्यांचं मी सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं आसपासच्या गावांत माजी सैनिकांची वानवा नाही. तरी पोरं पैसे भरून अकादमीत जातात आणि शेजारच्या घरातल्या हवालदार काकांना विचारत नाहीत.

१.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत गेलं तर पूर्ण ६० गुण, आणि १० पुल-अपला पूर्ण ४०. म्हणजे ४०० मीटरचा फेरा साधारण ८२ सेकंदांत, चार वेळा. काकांचं काम एकच, घड्याळ धरून प्रत्येक फेऱ्याचा वेळ ओरडून सांगायचा. पोरं पहिला फेरा ७० मध्ये काढतात आणि चौथा १०० च्या वर जातो. एकट्यानं पळताना हे लक्षात येत नाही, दम गेला म्हणून स्टॅमिना कमी समजतात. दमापेक्षा हिशेब चुकलेला असतो.

आठवडा असा बसवायचा: एक दिवस सावकाश ५-६ किलोमीटर, बोलता येईल इतक्या वेगानं. एक दिवस ४०० चे पाच फेरे ८० ते ८२ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. एक दिवस ३ किलोमीटर जरा दमवणारं. बाकी पुल-अप, पोटाचा व्यायाम, आणि दोन दिवस सुट्टी. सुट्टी म्हणजे सुट्टी, क्रिकेटची मॅच नव्हे. पुल-अप होतच नसेल तर खुर्चीवर चढून हनुवटी दांड्याच्या वर घ्यायची आणि पाच मोजत हळूहळू खाली यायचं, असे पाच-पाचचे तीन सेट. हात पूर्ण सरळ झाल्याशिवाय मोजायचं नाही, मैदानावर अर्धी पुल-अप कोणी धरत नाही.

बिघडतं ते असं. मैदानाचं अंतर मोटरसायकलच्या मीटरवर मोजलेलं असतं, म्हणून घरी ५:२० आणि भरतीत ५:५०. टेपनं मोजा. दुसरं, रोज पूर्ण वेगात १६०० पळून बघायचं. त्यानं नडगी दुखायला लागते, त्यात डांबरी रस्ता असला तर लवकरच. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ आली तर पळणं बंद आणि डॉक्टर, तेल-मालिश नाही.

कुंदा_रोज_खावा
ह्यातलं ‘क्रिकेट म्हणजे सुट्टी नव्हे’ हे वाक्य वाचून आमच्या गल्लीतली निम्मी भरती रद्द झाली.

मैदान_सकाळी_पाच
एक राहिलं. काकांना मैदान कळतं, पण हल्ली आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम आहे. पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. फॉर्म आणि लेखीसाठी अलीकडं भरती झालेला पोरगा धरा. आणि “आत ओळख आहे, एवढे द्या” म्हणणारा कितीही जवळचा असू दे, तिथून उठायचं. भरतीला पैसे लागत नाहीत.

दोन्हीकडे_अर्ज
स्पर्धा परीक्षेत तर चुकीचा गुरू धरला की दोन वर्षं जातात. आपल्याकडच्या पोराला दोन दारं आहेत. कर्नाटकच्या परीक्षेला कन्नडचा अनिवार्य पेपर आहे, तो सुटला नाही तर बाकीचे गुण असून उपयोग नाही. महाराष्ट्राच्या जागांसाठी सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षं वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. आपलं गाव त्या यादीत आहे का, हे आधी बघा. दाखला जाहिरात आल्यावर काढायला गेलं की शेवटची तारीख टळते.

मार्गदर्शकाला पहिला प्रश्न: तुम्ही कुठली परीक्षा, कुठल्या वर्षी दिलीत? उद्धटपणा वाटेल, पण विचारा. महाराष्ट्राच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधी पर्यायी प्रश्नांवर निवड झालेला अधिकारी तुम्हाला शिस्त शिकवेल, वेळेचं नियोजन शिकवेल, मुलाखतीचं सांगेल. उत्तरलेखन त्याच्याकडून शिकू नका, त्यानं त्या परीक्षेत ते केलेलंच नाही. केंद्राच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरला तीन तासांत २० प्रश्न: दहा प्रश्न १५० शब्दांचे, दहा २५० शब्दांचे. लहान उत्तराला सात मिनिटं, मोठ्याला अकरा, एवढ्यात संपवायचं. तपासून घ्यायला आठवड्याला दोनच उत्तरं द्या, घड्याळ लावून लिहिलेली, आणि वरती लिहा: वेळ किती लागला, कुठं अडलो. दहा उत्तरं एकदम दिली की तपासणारा ‘छान’ लिहून मोकळा होतो. आणि तीच दोन उत्तरं दुरुस्त करून पुन्हा लिहा. हे कोणी करत नाही.

सीमावासी_अस्सल
८६५ गावांचा विषय निघालाच आहे तर मुळात आधी हे सांगा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात…

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे आणि तो चालू आहे. हा प्रतिसाद तिकडं हलवला. इथं मार्गदर्शकावरच बोला.

वडगावची_अक्का
इतके प्रतिसाद झाले, सगळे ‘पोरं’ म्हणून. मुलींचं मी लिहिते.

भेट उघड्या जागी ठेवा. वाचनालय चांगलं, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे, तिथं बसून बोलण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कॉलेजचा विभाग, दुकानाचा पुढचा भाग, बँकेत दुपारी गर्दी ओसरल्यावर. दोघी मिळून जा. गावाकडं जायची शेवटची बस कितीची ते बघून वेळ मागा, आणि ते सरळ सांगा, “सर, साडेपाचची बस आहे.” पहिल्या भेटीआधी घरच्यांना नाव आणि ठिकाण सांगून ठेवा. मार्गदर्शन करणारा माणूस सज्जन असेल तर तोच म्हणेल घरी सांगून या. “एकटीच ये”, “हे कोणाला सांगू नको”, रात्री अकराचे मेसेज, यातलं एकही दिसलं तर कारण न देता थांबवायचं. समजूत घालत बसायचं नाही. त्रास झाला तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

शिवणकामवाल्या मुलींनी ताईंकडं नवीन कापड घेऊन जाऊ नये. फसलेला ब्लाऊज न्यावा, उलटा करून. आतली शिलाई बघितली की शिकवणारीला चूक दिसते: मुंढ्याच्या गोलाईत कापड कमी ठेवलं, टक्स (कापड दुमडून घातलेल्या निमुळत्या शिलाया) छातीच्या टोकापर्यंत नेले (ते अर्धा ते पाऊण इंच अलीकडं संपायला पाहिजेत), बाजूला मार्जिन एक इंचही ठेवलं नाही म्हणून उसवून सैल करता येत नाही. कागदाचा कटिंग पॅटर्न जपून ठेवायचा आणि त्यावर कोणाच्या मापाचा, काय बदललं ते लिहायचं. ताई एकदाच सांगतात, दहाव्या वेळी पॅटर्नच सांगतो.

आणि बाईच मार्गदर्शक पाहिजे असा हट्ट नको, पण एक तरी असावी. बाळंतपणानंतर काम परत कसं सुरू करायचं, सासरी काय बोलायचं, हे कुठले सर सांगणार?

खानापूर_ते_लोंढा
अक्कांनी बसचं लिहिलं ते लई महत्त्वाचं. निम्मं मार्गदर्शन बस चुकण्यात जातंय बगा.

माइंडसेट_महागुरू
मित्रांनो, इतका विचार कशाला? तुमच्यातली अमर्याद शक्ती जागी करा! ३ दिवसांचं निवासी शिबिर, आयुष्यभराचा मेंटॉर मोफत, मर्यादित जागा, आणि दोन मित्र आणलेत तर तुमची फी परत!! मेसेज करा.

कुंदा_रोज_खावा
दोन मित्र आणले तर फी परत. तीन आणले तर मित्र परत मिळतील का?

कायदा_वाचलेला
संपादकांनी हा प्रतिसाद उडवू नये, नमुना म्हणून राहू द्या. ‘मेंटॉर’ म्हणून ओळख करून देणारी बरीच मंडळी साखळी विक्रीतली असतात. ओळखायचं कसं? हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक, सूट घातलेला कोणीतरी, पहिला तासभर तुमच्या स्वप्नांबद्दल, आणि धंदा काय ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. मग “आधी नाव नोंदवा” म्हणून पैसे. थेट विक्रीचे २०२१ चे नियम आहेत: सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही, आणि माणसं जोडण्याच्याच जोरावर चालणारी पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. विचारायचं एवढंच: मी एकही माणूस जोडला नाही तर मला कशातून पैसे मिळणार? उत्तर गोलगोल आलं की चप्पल शोधायची.

पैसे घेऊन शिकवणारा प्रत्येक जण लबाड नाही, हेही लिहितो. क्लासची फी, पावती, किती तास, काय शिकवणार, मध्येच सोडलं तर किती परत, हे कागदावर असेल तर तो व्यवहार आहे, करा. तो तुमचा शिक्षक. त्याला मार्गदर्शक समजून त्याच्या सांगण्यावरून नोकरी सोडू नका.

निपाणी_बसस्टँड
मला एक कळत नाही, माणूस पाहिजेच कशाला? एनपीटीईएलवर आयआयटीचे कोर्स फुकट बघता येतात, प्रमाणपत्र पाहिजे असेल तेवढं परीक्षेची फी भरायची. असाइनमेंटला २५ टक्के, परीक्षेला ७५. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० मिळाले की प्रमाणपत्र. आठ आठवड्यांचा कोर्स असेल तर चांगल्या सहा असाइनमेंट धरतात. कोणाच्या दारात उभं राहायला नको, कोणाचे पाय धरायला नकोत.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
@निपाणी_बसस्टँड करावेत की, जरूर करावेत. पण व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) जॉब लावला आणि भोक दोन शतांश मिलिमीटर सरकलं, तर ते व्हाइसच्या जबड्यात चिप अडकल्यामुळं, टूलच्या रनआउटमुळं (टूल मध्यावर न फिरल्यामुळं) की सकाळच्या थंड मशीनमुळं, हे व्हिडिओ सांगणार नाही, कारण व्हिडिओला तुमचं मशीन दिसत नाही. माणूस येतो, डायल लावतो, स्पिंडल हातानं फिरवतो आणि सांगतो.

निपाणी_बसस्टँड
बरं, हे मान्य. पण मग माझं म्हणणं उलटं धरा: जे पुस्तकात, व्हिडिओत मिळतं ते माणसाला विचारून त्याचा वेळ घालवू नका. जे तिथं मिळत नाही तेवढंच विचारा.

उद्यमबाग_दुसरी_पाळी
हे फलकावर घ्या हो.

हुक्केरीचा_मास्तर
कन्नडचा मुद्दा कोणी काढलाच नाही. आपल्याकडं फॅक्टरीतला सुपरवायझर, तालुक्याचा कृषी अधिकारी, बँकेचा मॅनेजर, यातले निम्मे कन्नड बोलणारे. मराठी समजतं बऱ्याच जणांना, पण पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत गेलं की चेहरा सैल होतो. “निम्म जोडी ऐद मिनिट माताडबहुदेन्री?” (तुमच्याशी पाच मिनिटं बोलू का?) एवढं पाठ करा. पुढं अडलं तर मराठी, हिंदी मिसळा, कोणी हसत नाही. पण लिहिताना घाई नको, मेसेज कन्नडमध्ये पाठवायचा तर कन्नड जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्या. भाषांतराच्या ॲपमधून आलेलं कन्नड बरेचदा फार पुस्तकी, नाहीतर अरेतुरेचं असतं.

बोलायला येण्यासाठी क्लास शोधत बसू नका. कन्नड शाळेत शिकलेला मित्र धरा, रोज वीस मिनिटं, आठवड्याला एक प्रसंग: बसमध्ये, बँकेत, कामावर. तुम्ही त्याला मराठी द्या, तो तुम्हाला कन्नड देईल. हा पण मार्गदर्शकच, वयानं लहान असला म्हणून काय झालं.

सीमावासी_अस्सल
कन्नड शिकायला माझा विरोध नाही. सक्तीला आहे.

हुक्केरीचा_मास्तर
कळलं. इथं सक्ती कोणी केली?

येळ्ळूर_वारी
लिहिणाऱ्या पोरांसाठी थोडकं: हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. पाहुणा लेखक मंचावरून उतरल्या उतरल्या गाठू नका, तेव्हा हार आणि सेल्फी चालू असतात. जेवणानंतर गाठा. अख्खी कादंबरी हातात देऊ नका, दोन पानं द्या, मागं नाव आणि नंबर. बहुतेक जण दोन पानं वाचतात.

घड्याळ_पुढे
मार्गदर्शक मिळेपर्यंत काय करायचं? गावातच बोलायची मंडळी चालू करा. टोस्टमास्टर्सची (भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची) पद्धत आहे, ती मराठीत, कन्नडमध्ये, कशातही चालते. आठ ते बारा जण, आठवड्यातून एकदा, सव्वा तास. दोघांची तयार भाषणं, प्रत्येकी ५ ते ७ मिनिटं. पाचला हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. मग चार-पाच जणांना आयत्या वेळचा विषय, एक ते दोन मिनिटं. एक जण फक्त ‘अं… म्हणजे… ॲक्च्युअली’ मोजायला. आणि प्रत्येक तयार भाषणाला एक ठरलेला तपासनीस, तो दोन-तीन मिनिटांत सांगतो काय जमलं आणि पुढच्या वेळी कुठली एक गोष्ट सुधारायची. एकच. पाच गोष्टी सांगितल्या की तो माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही.

मोडतं ते दोन कारणांनी. वेळेवर सुरू होत नाही, आणि गावचे पुढारी ‘दोन शब्द’ बोलायला येतात. पुढाऱ्यांनाही लाल कार्ड दाखवायचं.

कुंदा_रोज_खावा
पुढाऱ्याला लाल कार्ड दाखवणाऱ्याचा व्यक्तिमत्त्व विकास तिथंच पूर्ण झाला.

नंदगडचा_फलकवाला
सगळ्यांचे आभार, वही भरली. आता भेटी किती, आणि पैशांचं काय, हे राहिलं. शिवाय पहिल्या मेसेजचा मसुदा टाकतो, ठोका:

“आदरणीय सर, मी आपला मोठा चाहता आहे. मला जीवनात पुढे जायचे आहे. कृपया आपण माझे मार्गदर्शक व्हावे व वेळोवेळी मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती.”

वडगावची_अक्का
हे वाचून कोणीही घाबरेल. ‘वेळोवेळी’ म्हणजे किती वेळा? काढून टाका ते.

दोन्हीकडे_अर्ज
‘मार्गदर्शक व्हावे’ पहिल्या मेसेजमध्ये मागायचंच नाही. एक प्रश्न, वीस मिनिटं, आणि नाही म्हणायला मोकळी जागा. भेट झाली की दुसऱ्या दिवशी चार ओळी: काय सांगितलंत, त्यातलं मी काय करणार, कधीपर्यंत. मग ते खरंच करायचं आणि काय झालं ते कळवायचं, फसलं तरी. दुसरी भेट तेव्हा मागायची, महिन्याभरानं. तीन-चार भेटी अशा झाल्या की तो माणूस आपोआप विचारायला लागतो, “पुढं काय झालं रे?” पदवी द्यायची गरज पडत नाही. सांगितलेलं न करता पुन्हा नवीन प्रश्न घेऊन जाणं, याला लोक कंटाळतात. आणि थांबायचं असेल तर गायब होऊ नका. “सध्या या कामावर भर देतोय, काही अडलं तर विचारीन” एवढं कळवलं की पुरतं.

हुक्केरीचा_मास्तर
पैसे देऊ नयेत, अपमान वाटतो. त्यांचं एखादं काम हलकं करावं: त्यांच्या कागदांची यादी टाइप करून देणं, कार्यक्रमाला खुर्च्या लावणं, त्यांच्याकडच्या नव्या पोराला आपण जे शिकलो ते शिकवणं. पण घरची कामं, गाडी धुणं, भाजी आणणं सुरू झालं तर तो गुरू नव्हे, मालक.

गुरुचरणी_लीन
पूर्वी गुरूघरी पाणी भरायचे शिष्य.

हुक्केरीचा_मास्तर
पूर्वी गुरू जेवायला पण घालायचे.

नंदगडचा_फलकवाला
बरं, नवीन मसुदा:

“नमस्कार सर. मी नंदगडचा, मेकॅनिकल डिप्लोमा, सध्या उद्यमबागेत फौंड्रीत अप्रेंटिस. दोन आठवडे रिजेक्शनची नोंद ठेवली आहे. ब्लो होल रात्रपाळीत जास्त येतात. रात्रपाळीत वाळूचा ओलावा अर्धा टक्का जास्त आढळला. कारण मिक्सरमधलं पाणी की साठवलेली वाळू, हे कसं तपासावं ते विचारायचं होतं. या आठवड्यात २० मिनिटं मिळतील का? सवडीनं कळवा, नाही जमलं तरी हरकत नाही.”

उद्यमबाग_दुसरी_पाळी
हे वाचून मीच भेटायला येईन. फक्त ‘सर’ एकदाच आहे, तेवढं बास. आणि कंपनीचा पार्ट नंबर, ग्राहकाचं नाव, फोटो बाहेरच्या माणसाला पाठवायचे नाहीत, हे कागदावर ठळक लिहा. त्यावरून नोकरी जाते.

वडगावची_अक्का
नंबर कुठून मिळाला तेही एका वाक्यात लिहावं. अनोळखी नंबर असला की आधी तोच प्रश्न पडतो.

नंदगडचा_फलकवाला
दोन्ही घातलं. शिवणकाम आणि भरतीचे नमुने मेसेज उद्या टाकतो. मैदानवाले, ते ४०० चे फेरे किती आठवड्यांनी वाढवायचे, तेवढं सांगून ठेवा.

मैदान_सकाळी_पाच
पहिले तीन आठवडे पाचच. पाचही ८२ च्या आत आले तरच सहावा, आणि त्या आठवड्यात लांबचं पळणं वाढवायचं नाही.